आपल्या गोळ्या आपल्याला वाचता याव्यात

गोळ्यांच्या स्ट्रिपवर दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं, दुसरं औषधाचं स्वतःचं. २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे औषधाचं नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं लागतं, तरी लोकांच्या तोंडात बसतं ते कंपनीचंच. कित्येकांच्या तोंडात तेही बसत नाही. "बीपीची पांढरी द्या", "ती पित्ताची पिवळी", "रक्त पातळ करायची बारकी गोळी" अशीच मागणी होते. मी फार्मासिस्ट आहे, पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गाजवळ आमचं मेडिकल आहे, आणि नुसत्या रंगावरून मागितलेली गोळी मी कुणालाही देत नाही. रंग कंपनी ठरवते. टेल्मिसार्टन हे बीपीचं एकच औषध दहा कंपन्या दहा रूपांत काढतात, आणि अगदी तशीच दिसणारी दुसरी गोळी शुगरची असू शकते.

आषाढीच्या दिवसांत याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. परभणी, वाशीम, बुलढाण्याकडून चालत आलेले वारकरी वाटेत गोळ्या संपल्या म्हणून येतात आणि कापलेल्या स्ट्रिपचा एक तुकडा पुढे करतात. त्यावर नावाची दोन अक्षरं उरलेली असतात, कधी तीही नाहीत. "माऊली, कशाची गोळी आहे?" विचारलं तर उत्तर येतं, "डॉक्टरनी दिलेली." मग घरी फोन लावायचा, मुलाला जुन्या चिठ्ठीचा फोटो पाठवायला सांगायचा. फोटो मिळाला तर ठीक. नाहीतर आधी सरकारी दवाखान्यात बीपी, शुगर तपासून घ्या असं सांगून पाठवावं लागतं.

म्हणून पहिलं काम घरीच करा. स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच नंबर, एक्स्पायरी आणि किंमत छापलेली असते. गोळ्या नेहमी विरुद्ध टोकाकडून काढत या, म्हणजे तारीख शेवटच्या गोळीपर्यंत राहते. मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देत असेल तर नाव आणि तारीख असलेला भाग मागून घ्या, किंवा बिल सांभाळून ठेवा, कारण बिलावर दोन्ही असतं. चिठ्ठीचा आणि प्रत्येक स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे साधा फोन असेल तर एका जाड कागदावर औषधाचं नाव, आकडा आणि वेळ मराठीत लिहून कागद त्यांच्या बटव्यात घाला. कशाची ॲलर्जी असेल, कुठल्या गोळीनं अंगावर पित्त उठलं असेल, तर तेही त्याच कागदावर लाल शाईनं लिहा.

नावापुढचा आकडा आणि मागची अक्षरं

टेल्मिसार्टन ४० म्हणजे एका गोळीत ४० मिलीग्रॅम औषध. २०, ४० आणि ८० अशा तिन्ही ताकदी बाजारात मिळतात. दुकानात ४० ची नसेल तर ८० ची अर्धी करून घेऊ नका. ती अर्धी करता येते का, हे आधी डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारा. थायरॉइडच्या गोळीचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलीग्रॅम होतो, त्यामुळे २५, ५०, १०० हे आकडे मोठे वाटले तरी औषध अगदी कणभर असतं, आणि म्हणूनच इथे थोडा फरकही जाणवतो. ही गोळी सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या ते एक तासानं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायचं. ते नाही ठेवलं तर थायरॉइडची गोळी पोटात जाऊनही पुरती लागू पडत नाही, रिपोर्ट बिघडलेलाच येतो आणि डोस उगाच वाढत जातो.

नावाच्या मागे जोडलेली अक्षरं सोडून देऊ नका. बीपीच्या गोळीमागचा 'एच' म्हणजे तिच्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं आहे. 'एएम' म्हणजे सोबत ॲम्लोडिपिन आहे. पित्ताच्या पॅन्टोप्राझोलपुढे 'डी' असेल तर तिच्यात उलटी थांबवणारं डॉमपेरिडोनही आहे. साधी मागितली आणि 'एच'वाली हातात आली, तर ते वेगळं औषध झालं. काउंटरवरच तपासा.

'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' यांचा अर्थ औषध पोटात हळूहळू सुटतं. अशी गोळी मोडायची नाही, चावायची नाही, कुटून पाण्यात घालायची नाही. मोडली तर दिवसभराचा डोस एकदम सुटू शकतो. गिळायला जड जात असेल तर डॉक्टरला सांगून साधी गोळी लिहून घ्या. शुगरच्या मेटफॉर्मिन एसआरबद्दल एक गोष्ट पुष्कळांना घाबरवते. संडासात आख्खी गोळी दिसते. ते गोळीचं रिकामं कवच असतं, औषध आधीच अंगात शोषलेलं असतं. "गोळी पचतच नाही" म्हणून औषध बंद करणारे लोक मी पाहिलेत. ते बंद करू नका.

चिठ्ठीवरच्या खुणा

'१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना. 'एसी' असेल तर जेवणाआधी, 'पीसी' असेल तर जेवणानंतर. 'एसओएस' म्हणजे त्रास झाला तरच. दुखण्याची, तापाची किंवा उलटीची गोळी बहुधा एसओएस असते आणि बीपीची रोजची. लोक नेमकं उलटं करतात. दुखण्याची गोळी सवयीनं रोज, आणि बीपीची डोकं दुखलं तर. बीपी १४०/९० च्या वर राहत असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून "मला बरं वाटतंय" हे गोळी सोडायचं कारण होऊ शकत नाही. गोळीनं त्रास होत असेल तर तो डॉक्टरला सांगा. ॲम्लोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागतो. दोन्हींवर तोड आहे, डॉक्टर गोळी बदलून देतात.

एक औषध मात्र इथे जीव तोडून सांगायचं आहे. मेथोट्रेक्सेट. संधिवाताला, सोरायसिसला दिली जाणारी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. घरात कुणाला ही गोळी चालू असेल तर वार ठरवा, "सोमवारची गोळी" असं तिला म्हणा, स्ट्रिपवर पेननं 'सोमवार' लिहा आणि रोजच्या डबीत ती ठेवू नका.

तेच औषध दोनदा

क्रोसिनमध्ये पॅरासिटामॉल आहे. डोलो ६५० मध्ये पॅरासिटामॉल आहे. कॉम्बिफ्लाममध्ये ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल आणि ४०० मिलीग्रॅम आयबुप्रोफेन आहे. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. तापाला एक, अंगदुखीला दुसरी, सर्दीला तिसरी असं घेणारा माणूस एकच औषध तीन नावांनी घेत असतो. धडधाकट मोठ्या माणसानं दिवसभरात चार ग्रॅमच्या वर, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्यांच्या वर, पॅरासिटामॉल घ्यायचंच नाही. दारू पिणाऱ्याला, लिव्हरचा आजार असणाऱ्याला, अंगानं फार वाळलेल्या म्हाताऱ्याला ही मर्यादा आणखी कमी असते. जादा पॅरासिटामॉल लिव्हर जाळतं, आणि पहिले एक-दोन दिवस वरून विशेष काही कळत नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही दुखण्यावरची वेगळी जात. वारीत चालून गुडघे भरलेल्या लोकांना हीच हवी असतात. रिकाम्या पोटी घेतली तर जठराला जखम होते, बीपी वाढतो, आणि उन्हातान्हात पाणी कमी पडलेल्या अंगात ती किडनीवर थेट घाव घालतात. किडनी आधीच कमजोर असेल, हृदय अशक्त असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर स्वतःच्या मनानं एकही घेऊ नये. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एकादशी आणि शुगरची गोळी

उपवासाबद्दल मी कधीच कुणाशी वाद घालत नाही. पंढरपुरात राहून एकादशी सोडा म्हणणं मला जमणारही नाही. पण शुगरची कोणती गोळी चालू आहे हे माहीत नसताना उपवास करणं धोक्याचं आहे, आणि ते मी ठणकावून सांगते.

मेटफॉर्मिन एकटी चालू असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांची गोष्ट वेगळी. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, तुम्ही जेवा अगर न जेवा. अशी गोळी सकाळी घेतली आणि दिवसभर नुसतं पाणी नाहीतर एखादं केळं, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. बऱ्याच स्ट्रिपवर 'ग्लिमेपिराइड १, मेटफॉर्मिन ५००' असं मिश्रण असतं, आणि माणूस "मला फक्त मेटफॉर्मिन आहे" असं सांगत असतो. बारीक ओळ वाचल्याशिवाय हे कळत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर काढणारी औषधं चालू असतील तर निर्जळी उपवास अजिबात करू नये. अंगातलं पाणी घटतं आणि रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो.

एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरला विचारा: त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची, अर्धी घ्यायची की सोडायची, इन्सुलिन किती घ्यायचं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याचं ऐकू नका. आणि ज्यांचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर राजगिऱ्याचा लाडू, त्यांची शुगर खाली न जाता भसकन वर जाते. त्यांना भगर, ताक, दाण्याची आमटी बेताबेतानं खाणं जास्त मानवतं.

शुगर उतरल्याची लक्षणं नीट लक्षात ठेवा, कारण दर्शनाच्या रांगेत "उन्हानं चक्कर आली" म्हणून ती अंगावर काढली जातात. गार घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, कडाडून भूक लागते. मग माणूस चिडचिडतो, असंबद्ध बोलतो. मीटर जवळ नसलं तरी थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, नाहीतर ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी बरं नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. इथे उपवास मोडलाच पाहिजे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांची शुगर वर येऊन काही तासांनी परत उतरू शकते, विशेषतः म्हाताऱ्यांची, म्हणून त्या रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका.

इन्सुलिनच्या बाटलीचं गणितही इथेच सांगते. आपल्याकडे बहुतेक बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, आणि काही १०० च्या. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपीची. बाटलीवर आकडा छापलेला असतो. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं १० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात १० ऐवजी २५ युनिट जातात. उलट झालं तर डोस अर्ध्याहूनही कमी पडतो. पेनच्या काडतुसात बहुधा १०० चं इन्सुलिन असतं, त्यातून सिरिंजनं कधीही काढू नका. सिरिंज घेताना रिकामी बाटली सोबत आणा, आम्ही जुळवून देतो.

लेकरांची औषधं

पॅरासिटामॉलचं सिरप १२५ आणि २५० अशा दोन ताकदींत मिळतं, दोन्ही आकडे पाच मिलिलिटरचे. थेंबांची बाटली वेगळी, तिच्यात एका मिलिलिटरलाच १०० मिलीग्रॅम असतात. मुलाच्या दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम हे माप. दहा किलोच्या लेकराला १५० मिलीग्रॅमपर्यंत, म्हणजे १२५ च्या बाटलीतून सहा मिलिलिटर, पण २५० च्या बाटलीतून तीनच. "एक टोपण द्या" असं म्हणून भागत नाही. बाटली कुठली ते बघून, बाटलीसोबतच्या मापानंच द्या, घरातला चमचा लहानमोठा असतो. दोन डोसांत किमान चार ते सहा तास जाऊ द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट दवाखाना गाठा.

खोकल्याच्या सिरपबद्दल मी कुणाची भीड ठेवत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं डायइथिलीन ग्लायकॉल असलेल्या खोकल्याच्या औषधानं किडनी निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याचं आणि सर्दीचं औषध देऊ नये, आणि पाच वर्षांच्या आतही साधारणपणे टाळावं. त्याच्याही आधी, २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असा आदेश निघाला होता. लहान मुलाचा साधा खोकला बहुधा आपोआप जातो. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, आणि वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध एवढं पुष्कळ होतं. श्वास भरभर चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध तुटलं असेल, तर मेडिकलवर येण्यात वेळ घालवू नका.

जुलाबाला ओआरएस. मोठ्या पुडीवर एक लिटर लिहिलेलं असतं, ती आख्खी एक लिटर पाण्यातच घोळायची. अर्धी पुडी ग्लासात अंदाजानं घातली तर क्षाराचं माप बिघडतं. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओता. सोबत १४ दिवस झिंक: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० मिलीग्रॅम, त्याहून मोठ्या लेकराला २०. जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण करायचं.

नायट्याचं मलम

मांडीत, कमरेला खाज सुटली की "खाजेचं मलम द्या" म्हणून मागतात, आणि हवं असतं ते स्टिरॉइडचं. नळकांडीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं नाव असेल तर ते स्टिरॉइड समजा. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोकांना ते आवडतं. बुरशी मात्र त्याखाली पसरत जाते, गोल चट्टे एकात एक होतात, कातडी पातळ पडून पांढऱ्या-लाल रेघा उमटतात, आणि त्या रेघा पुसल्या जात नाहीत. नायट्याला बुरशीचंच मलम लागतं, तेही डॉक्टर सांगतील तितके आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही. घरातल्या सगळ्यांना एकदम दाखवा, टॉवेल वेगळे करा, कपडे उन्हात उलटे वाळवा. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला असलं मलम लावणाऱ्या मुली येतात, त्यांना मी नळकांडीवरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवते आणि विकत नाही.

लाल रेघ, तारखा आणि उरलेली औषधं

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. काही अँटिबायोटिक, टीबीची आणि झोपेची औषधं देताना २०१४ पासून आम्हाला वहीत पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ठेवावं लागतं. नाव विचारलं म्हणून रागावू नका. अँटिबायोटिक व्हायरसच्या सर्दीवर चालत नाही, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या तीन गोळ्या कुठल्याच दुखण्यावर पुरेशा नसतात.

एक्स्पायरीला महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण ती तारीख बंद बाटलीची. लहान मुलांच्या अँटिबायोटिकची पावडर उकळून गार केलेल्या पाण्यानं खुणेपर्यंत कालवली की साधारण सात दिवसांत संपवायची. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिनाभरच वापरायचे. उघडलेली इन्सुलिनची बाटली चार आठवडे. बंद बाटल्या फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी असतं. फ्रीज नसेल तर माठाच्या गारव्याला, ओल्या फडक्यात, पण बाटलीला पाणी न लागेल असं ठेवा. बाटली उघडलेली तारीख लेबलवरच पेननं लिहा, कारण महिन्यानं ती कुणालाच आठवत नसते.